साप, मद्य आणि एकच म्हातारा: १९७८ सालचे दोन कुंग फू विनोदपट

पांढऱ्या जटांचा, फाटक्या कपड्यांतला एक म्हातारा भिकारी एका तरुणाला रडकुंडीला आणून कुंग फू शिकवतो, हे दृश्य जॅकी चॅनच्या नावाशी घट्ट चिकटलेले आहे. ते कोणत्या चित्रपटातले, असे विचारले की पुष्कळ जण ‘ड्रंकन मास्टर’ असे सांगतात आणि पुढे वर्णन मात्र मांजराने नागाला लोळवल्याचे करतात. ते मांजर आणि तो नाग ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’मधले आहेत.

हा घोटाळा होण्याला सबळ कारणे आहेत. दोन्ही चित्रपट हाँगकाँगचे, दोन्ही १९७८ सालचे. ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ मार्चमध्ये आणि ‘ड्रंकन मास्टर’ ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. दोन्हींचे दिग्दर्शन युएन वू-पिंग यांचे असून निर्मिती सीझनल फिल्म या एकाच कंपनीची आहे. नायक जॅकी चॅन, खलनायक ह्वांग जंग-ली, आणि म्हाताऱ्या गुरूच्या भूमिकेत दिग्दर्शकाचे सख्खे वडील युएन सिउ-तिएन. तोंडाळ पण मारामारीत कुचकामी अशा उपशिक्षकाचे काम करणारा डीन शेकसुद्धा दोन्हीकडे आहे. जॅकी चॅन त्या काळी निर्माते-दिग्दर्शक लो वेई यांच्याशी कराराने बांधलेला होता. १९७३ मध्ये ब्रूस ली गेल्यावर त्याच्या जागी दुसरा ब्रूस ली उभा करण्याची लो वेई यांची खटपट चालली होती आणि त्या कडक, सूडाने पेटलेल्या भूमिकांत हा हसऱ्या चेहऱ्याचा नट काही शोभत नव्हता. त्यांनी त्याला दोन चित्रपटांपुरता सीझनलकडे उसना दिला, आणि ते दोन चित्रपट म्हणजे हेच.

साम्य इथे संपते. दोन्ही चित्रपट हसवतात, पण कोणावर हसवतात, हे पाहिले की त्यांची जात वेगळी असल्याचे ध्यानात येते.

‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’चा नायक च्येन फू हा अनाथ आहे. तो कुंग फूच्या तालमीत राहतो खरा, पण शिष्य म्हणून नव्हे. फरशी पुसणे, पाणी भरणे आणि शिक्षकांना हात साफ करायचे असतील तेव्हा मार खायला उभे राहणे, एवढेच त्याचे काम. इथले हसू या बिचाऱ्याच्या हतबलतेतून येते, म्हणून त्याला दयेची किनार आहे. त्याला भेटणारा म्हातारा हा सर्प-शैलीच्या अखेरच्या जाणकारांपैकी एक असून गरुड-शैलीचे लोक त्याच्या जिवावर उठलेले आहेत. तो मुलाला शिकवतो ते दडवून, खेळ मांडावा तसे. जमिनीवर पावलांचे ठसे उमटवून ठेवतो आणि मुलगा त्यांवर पाऊल टाकत गेला की मार चुकवण्याची पदन्यासविद्या त्याच्या अंगात आपोआप भिनते. भाताचा एक वाडगा दोघांमध्ये फिरत राहतो. तो हिसकावून घेता आला तर मुलाची त्या दिवसाची शिकवणी पुरी झाली. गुरू-शिष्याची एवढी मायेची जोडी या प्रकारच्या चित्रपटांत क्वचितच सापडेल.

‘ड्रंकन मास्टर’चा नायक याच्या अगदी उलट आहे. त्याला घर आहे, नावाजलेला वैद्य आणि कुंग फूचा गुरू असलेला बाप आहे, अंगात विद्याही आहे. नाही ती फक्त शिस्त. बाजारात तो एका मुलीची छेड काढतो, ती त्याच्याच नात्यातली बहीण निघते आणि तिची आई त्याला चारचौघांत बडवून काढते. इथे आपण हसतो ते फाजील मुलाची खोड मोडली म्हणून, आणि म्हणूनच त्याचे शिक्षण हीसुद्धा शिक्षा आहे. सो नावाचा लालभडक नाकाचा भिकारी गुरू त्याला उलटे टांगून छोट्या वाट्यांनी एका बादलीतले पाणी दुसरीत भरायला लावतो. मुलगा पळून जातो, बाहेर भाडोत्री मारेकऱ्याकडून सडकून अपमान करून घेतो आणि मगच स्वतःच्या पायांनी परत येतो. पहिल्या चित्रपटात विद्या ही भेट होती, दुसऱ्यात ती वठणीवर आणण्याचे साधन आहे.

या मुलाचे नाव वाँग फेई-हुंग, आणि खरी गंमत या नावात आहे. वाँग फेई-हुंग हा दक्षिण चीनमध्ये होऊन गेलेला खरा वैद्य आणि कुंग फूचा गुरू. १९४९ पासून क्वान तक-हिंग या नटाने त्याची भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली होती आणि त्या सगळ्यांत तो धीरगंभीर, नीतीचे धडे देणारा, प्रौढ पुरुष होता. हाँगकाँगचा प्रेक्षक याच मूर्तीसोबत लहानाचा मोठा झालेला. त्या सत्पुरुषाला तरुण, व्रात्य आणि खादाड दाखवणे, हाच या चित्रपटाचा सर्वांत मोठा विनोद होता. इंग्रजी डबिंगमध्ये त्याच नायकाचा ‘फ्रेडी वाँग’ झाला आणि नावाबरोबर तो विनोदही गळून पडला. तरी चित्रपट तिथेही चालला.

तो का चालला आणि अजूनही का चालतो, याचे उत्तर मला दोन्ही चित्रपटांच्या शेवटात सापडते. दोन्हीकडे गुरूने दिलेली विद्या ऐनवेळी अपुरी पडते आणि शिष्याला स्वतःची भर घालावी लागते; मात्र ती भर येते कुठून, हे वेगळे आहे. च्येन फू आपले पाळीव मांजर नागाशी लढताना बघतो आणि त्याच्या पंजाचे फटकारे सर्प-शैलीत मिसळतो. म्हणजे त्याची युक्ती निरीक्षणातून येते. वाँगला गुरूने मद्यपी अष्ट-अमरांचे, म्हणजे चिनी दंतकथांतल्या आठ अमर सिद्धांच्या नावांचे, लढण्याचे आठ प्रकार शिकवले होते, त्यांतला आठवा एकमेव स्त्री अमराचा. तो बायकी म्हणून या पठ्ठ्याने शिकताना अंग चोरले आणि नेमका तोच निर्वाणीच्या वेळी हवा असतो. मग लाजत, मुरडत, आरशात पाहण्याचा आणि नटण्याचा अभिनय करत तो आपला स्वतःचा आठवा प्रकार जागच्या जागी रचतो. आळसाची भरपाई कल्पकतेने केलेली आहे आणि तरीही प्रत्येक ठोसा जागेवर बसतो.

हे सारे संवादांवाचून कळते. जॅकी चॅन लहानपणी हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणे, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या चिनी संगीत नाटकाच्या, निवासी शाळेत सुमारे दहा वर्षे घडला होता. युएन सिउ-तिएनही ऑपेराच्याच परंपरेतले. वू-पिंग कॅमेरा मागे ठेवतात, डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण देह चौकटीत राहू देतात आणि फटका कोणी मारला, कोणाला लागला, त्यातून पुढचा डाव कसा निघाला, हे आपल्या डोळ्यांना दिसत राहते. विनोदाला लागणारे कारण आणि परिणाम एकाच दृश्यात असतात. हल्लीच्या अनेक मारधाडपटांत संकलकाची कात्री इतकी वेगाने चालते की धडपडण्यातली मजा बघायला उसंतच मिळत नाही. अर्थात त्या पद्धतीची किंमत नटाने मोजली: पहिल्या चित्रपटात ह्वांगच्या लाथेने जॅकीचा दात गेला आणि दुसऱ्यात भुवईच्या हाडाला झालेल्या जखमेतून डोळा थोडक्यात वाचला.

दोन्ही पाहायचे असतील, तर ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आधी पाहावा. भाताच्या वाडग्याचा तो प्रसंग मनात ताजा असताना, त्याच म्हाताऱ्याने त्याच नटाला काही महिन्यांनी उलटे टांगलेले पाहण्यात जी मजा आहे, ती क्रम उलटला तर हाती लागत नाही.