एकूण मायग्रेशन आणि विशिष्ट मायग्रेशन : दोन्ही मिलिग्रॅममध्येच, पण मोजतात वेगळंच

प्लॅस्टिकच्या डब्याच्या तपासणी अहवालात ‘एकूण मायग्रेशन मर्यादेत’ अशी ओळ असते आणि तीच सुरक्षिततेचा दाखला म्हणून पुढे केली जाते. त्या ओळीचा आवाका मात्र फार छोटा आहे. पॅकिंगमधून रसायनं अन्नात उतरणं म्हणजे मायग्रेशन. त्यासाठी युरोपीय संघाच्या २०११ च्या प्लॅस्टिकविषयक नियमात दोन मर्यादा आहेत, एकूण आणि विशिष्ट. त्यांची सरमिसळ सर्रास होते.

एकूण मर्यादा म्हणजे उतरणारं सगळं मिळून, अन्नाला लागणाऱ्या दर चौरस डेसिमीटर पृष्ठभागामागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. एक डेसिमीटर बाजूच्या घनात साधारण किलोभर अन्न मावतं आणि त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस डेसिमीटर होतात, म्हणून किलोमागे ६० मिलिग्रॅम. (विशिष्ट मर्यादेच्या हिशेबात माणसाचं वजनही ६० किलोच धरतात. या दोन साठांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण घोळ घालायला ते पुरेसे आहेत.)

चाचणीत खरं अन्न सहसा नसतंच. आंबट पदार्थांऐवजी ३ टक्के ॲसेटिक ॲसिडचं द्रावण, तेलकटांऐवजी वनस्पती तेल. नेहमीची एक अट म्हणजे ४० अंश सेल्सिअसवर १० दिवस. पाण्यासारखं द्रावण असेल तर शेवटी ते आटवतात आणि तळाशी उरलेला साका तोलतात. तेल आटवता येत नाही, तिथे प्लॅस्टिकचंच वजन किती घटलं ते पाहतात. साक्यात नेमकं काय आहे, हे वजनकाटा सांगत नाही. आटवताना उडून गेलेलं तर त्याला दिसतही नाही. थोडक्यात, ही चाचणी प्लॅस्टिक किती ‘सुटतं’ एवढंच मोजते. विषशास्त्राचा तिच्याशी संबंध नाही.

विशिष्ट मर्यादा उलट्या टोकाकडून येते. आधी एकच पदार्थ घ्यायचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कोणत्या मात्रेला अपाय दिसत नाही ते पाहायचं, ती मात्रा बहुधा शंभराने भागायची आणि माणसाला रोज, आयुष्यभर चालेल असं प्रमाण ठरवायचं. मग ६० किलोचा माणूस त्या पॅकिंगमधलं किलोभर अन्न रोज खातो, असं गृहीत धरून हिशेब. काही प्लॅस्टिक बनवताना लागणारं बिस्फेनॉल ए हे रसायन घ्या. त्याचं तात्पुरतं सुरक्षित प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅम होतं. त्याला ६० ने गुणलं की २४०. हा पदार्थ इतर वाटांनीही अंगात जातो, म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्याला त्यातले २० टक्केच दिले, म्हणजे ४८ मायक्रोग्रॅम (०.०४८ मिलिग्रॅम). २०१८ मध्ये मर्यादा ठरली ती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम.

आता ६० आणि ०.०५ शेजारी ठेवा. बाराशे पटींचा फरक. बिस्फेनॉल विशिष्ट मर्यादेच्या शंभरपट उतरलं, तरी डबा एकूण चाचणीत आरामात पास होऊ शकतो. उलट, निरुपद्रवी मेणच जास्त सुटलं म्हणून एखादा डबा नापास होईल, त्याने कोणाचं काही बिघडणार नसलं तरी.

विज्ञान बदललं की विशिष्ट मर्यादा हलते, एकूण मर्यादा तिथेच राहते. २०२३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिस्फेनॉलचं सुरक्षित प्रमाण ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणलं, २०,००० पट कमी. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला हे पटलं नाही; तिने २०० नॅनोग्रॅम सुचवलं. तज्ज्ञांच्या दोन संस्थांमध्ये हजार पटींचं अंतर! माझ्या मते यात लपवण्यासारखं काही नाही, कोणता परिणाम अपाय मानायचा यावरच हा वाद होता. अखेर युरोपने २०२४ च्या डिसेंबरमध्ये या पदार्थावर बंदीचा नियम केला, टप्प्याटप्प्याने लागू होणारा.

पण विशिष्ट मर्यादाही नियमाच्या यादीतल्या पदार्थांपुरतीच. २००५ मध्ये इटलीत तान्ह्या बाळांच्या दुधात आयटीएक्स नावाचं रसायन सापडलं. ते खोक्यावरच्या छपाईच्या शाईतलं. छापलेलं साहित्य गुंडाळून ठेवलं की बाहेरची बाजू आतल्या बाजूला टेकते आणि शाईतला अंश तिथे उमटतो. २००६ च्या युरोपीय उत्पादन-पद्धती नियमात म्हणूनच छपाईसाठी वेगळी अट आली : छापील बाजूचा अंश अन्नाच्या बाजूला घातक प्रमाणात जाता कामा नये, आणि ही काळजी साठवणुकीपासूनच घ्यायची.