नाव खोडलं म्हणजे माहिती निनावी झाली असं नाही

संशोधनासाठी रुग्णाची सही घेतात त्या संमतिपत्रांत दोन वाक्यं मला इतक्यांदा एकाखाली एक दिसली आहेत, की आता नजर आधी तिथंच जाते. पहिलं : ‘तुमची माहिती पूर्णपणे निनावी ठेवली जाईल.’ दुसरं : ‘तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता, तुमची माहिती काढून टाकली जाईल.’ ही दोन्ही वचनं एकदम पाळता येत नाहीत. माहिती खरंच निनावी असेल, तर हजार नोंदींतली तुमची कोणती हे कुणालाच सांगता येणार नाही. मग काढणार काय? आणि तुमची नोंद हुडकून काढता येत असेल, तर ती निनावी नाही. तिच्यावर नावाच्या जागी कोड आहे, इतकंच.

कोडवाल्या प्रकाराला मी इथे सांकेतिक माहिती म्हणेन. ती सगळ्यांच्या परिचयाची आहे. केस पेपरवरचं नाव, पत्ता, फोन काढायचा, त्या जागी एक क्रमांक द्यायचा आणि कोणता क्रमांक कुणाचा याची यादी वेगळ्या कुलपात ठेवायची. ती यादी म्हणजे किल्ली. किल्ली हातात असली की माणूस सापडतो. यात न कळण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. ‘किल्ली फाडून टाकली, आता माहिती निनावी झाली,’ असं डॉक्टर म्हणतात, समाजसेवक म्हणतात, सॉफ्टवेअर विकणारे तर छातीठोकपणे म्हणतात. ते चूक आहे. किल्ली फाडल्यानं एक दार बंद होतं. पण वय, लिंग, गाव, दाखल झाल्याची तारीख, आजार हे सगळं शीटमध्ये तसंच राहिलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं बाहेरच्या जगालाही ठाऊक असतं. शेजाऱ्याला ठाऊक असतं, ऑफिसला ठाऊक असतं, मतदार यादीत छापलेलं असतं.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथल्या एका सरकारी विमा आयोगानं राज्य कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी संशोधकांना दिल्या. नाव, पत्ता, सामाजिक सुरक्षा क्रमांक काढलेला होता. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना निर्धास्त राहायला सांगितलं. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे यादीत सहा जण निघाले. त्यांतले पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद स्वीनी यांनी त्यांच्याच कार्यालयात पाठवून दिली.

इथे कुणी कुलूप फोडलं नाही, किल्लीही कुणाच्या हाती लागली नाही. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड या तीन साध्या गोष्टींनी काम भागलं. पुढे स्वीनी यांनीच हिशेब मांडला, की अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक या तिघांच्या जोडणीनं एकमेव ठरतात. २००६ साली दुसऱ्या एका संशोधकानं नव्यानं मोजलं तेव्हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. त्यावर काही जण ‘बघा, कमी झाला’ म्हणतात. दहातल्या सहांहून जास्त लोक ओळखू येत असतील तर त्यात समाधान मानण्यासारखं काय आहे, हे मला आजवर उमजलेलं नाही.

म्हणून निनावीपणा हा एकट्या फाइलचा गुण नसतो. ती फाइल, ती ज्याच्या हाती जाते तो माणूस आणि त्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टी, हे सगळं मिळून तो ठरतो. तीच शीट दूरच्या संशोधकासाठी निनावी असेल आणि रुग्णाच्या मेहुण्यासाठी उघडं पुस्तक. वृद्धांच्या काळजी केंद्राचा अहवाल घ्या. ‘९७ वर्षांची महिला, दोनदा पडली, मुलगा भेटायला येत नाही.’ नाव कुठेही नाही. त्या केंद्रात काम करणाऱ्या, तिथे भाजी पोचवणाऱ्या, शेजारच्या खोलीत राहणाऱ्या कुणालाही नावाची गरज नाही. आरोग्याच्या नोंदींपेक्षा सामाजिक काळजीच्या नोंदी जास्त उघड्या पडतात त्या यामुळेच. तिथे आकड्यांपेक्षा कहाणी जास्त असते, आणि कहाणीतून नाव खोडता येत नाही.

तारखांचंही तेच. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य खात्यानं २०१६ मध्ये सुमारे २९ लाख लोकांची वैद्यकीय बिलांची माहिती, ओळख काढून, सर्वांसाठी खुली केली. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी काही आठवड्यांत डॉक्टरांचे सांकेतिक क्रमांक उलगडून दाखवले आणि ती माहिती मागे घ्यावी लागली. पुढल्या वर्षी त्यांनी हेही दाखवलं, की बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेची तारीख यांसारख्या मोजक्या ज्ञात गोष्टींवरून रुग्णही ओळखता येतात. आपल्या दोन-तीन बाळंतपणांच्या तारखा आपण किती जणांना सांगितलेल्या असतात, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

आता मला सतत खटकणाऱ्या काही सवयी. रुग्णाच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारून तो डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं. पट्टीनं ओळख लपत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींतही डोळे झाकणं अपुरं असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. स्कॅनच्या फिल्मवरचं नाव कापून मूळ डिजिटल फाइल तशीच पाठवणं. त्या फाइलच्या पोटात नाव आणि जन्मतारीख सहसा असतेच. आणि फोन नंबरचं हॅश करून, म्हणजे ठरावीक सूत्रानं त्याची न वाचता येणारी अक्षरमाला बनवून, त्याला निनावी म्हणणं. दहा आकडी नंबरांच्या शक्यता जास्तीत जास्त एक हजार कोटी. संगणक त्या सगळ्यांचं हॅश काढून जुळवू शकतो आणि त्याला फार वेळही लागत नाही.

खरं निनावी करायचं तर माहिती बोथट करावी लागते आणि त्याची किंमत मोजावी लागते. जन्मतारखेऐवजी वयोगट, गावाऐवजी जिल्हा, दिवसाऐवजी वर्ष. तक्त्यात एखाद्या रकान्यात दोनच रुग्ण असतील तर तो रकाना झाकायचा किंवा शेजारच्यात मिसळायचा. अमेरिकेच्या हिपा या रुग्णांच्या माहितीची गोपनीयता जपणाऱ्या कायद्याखाली एक सरळ वाट दिलेली आहे : ओळख पटवणाऱ्या १८ प्रकारच्या गोष्टी काढा, तारखांतलं फक्त वर्ष ठेवा, ८९ च्या वरचं प्रत्येक वय ‘९० किंवा अधिक’ असं एकत्र करा. ते शेवटचं कलम मला फार आवडतं. ९७ वर्षांच्या त्या आजीबाई कुणाच्या तरी ध्यानात होत्या असं वाटतं.

मग सगळंच निनावी का करू नये? कारण ते रुग्णाच्या हिताचं नसतं. तपासणीत अचानक काही गंभीर सापडलं तर त्या माणसापर्यंत परत जाता आलं पाहिजे. कर्करोगाच्या रुग्णाचं पाच वर्षांनी काय झालं हे पाहायचं तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत. बोथट माहितीतून हे होत नाही. मला सांकेतिक माहितीबद्दल तक्रार मुळीच नाही. बहुतेक चांगलं संशोधन तिच्यावरच चालतं. तक्रार तिला निनावी म्हणण्याबद्दल आहे. एकदा निनावी म्हटलं की लोक ती पेन ड्राइव्हवर घेतात, ईमेलला जोडतात, संमती विचारत नाहीत, कारण ‘त्यात कुणाचं नाव थोडंच आहे’. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामध्ये हा भेद स्वच्छ मांडला आहे : दुसऱ्या माहितीची जोड देऊन माणसापर्यंत पोचता येत असेल तर कोड घातलेली माहितीही वैयक्तिकच, आणि तिला तेच सगळे नियम लागू. खरोखर निनावी माहिती मात्र त्या कायद्याच्या बाहेर. म्हणजे एका शब्दाच्या फरकानं रुग्णाचं संरक्षण राहतं किंवा जातं.

एन्क्रिप्शनचाही यात गोंधळ घालतात, पण ते थोडक्यात संपतं. एन्क्रिप्शन म्हणजे पेटीला कुलूप. पेटी उघडल्यावर आत नावासकट सगळं असतं.

संमतिपत्रातल्या त्या दोन वाक्यांच्या जागी मी असं लिहीन : ‘तुमच्या नोंदीवर नावाऐवजी क्रमांक असेल. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी फक्त उपचार करणाऱ्या पथकाकडे राहील. यादी नसतानाही, तुम्हाला जवळून ओळखणारी व्यक्ती काही तपशिलांवरून तुम्हाला ओळखू शकेल, म्हणून ही माहिती आम्ही जाहीर करणार नाही. तुम्ही बाहेर पडायचं ठरवलंत तर यादीच्या मदतीनं तुमची नोंद शोधून काढून टाकू. निष्कर्ष छापून झाल्यावर मात्र त्यातला तुमचा वाटा वेगळा काढता येणार नाही.’ वाक्यं पाच झाली, कागद थोडा जास्त लागला. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत ते कळतं.