क्षेपणास्त्राची ‘एक्स्पायरी डेट’ येते कुठून?

कुठेही युद्ध पेटलं की थोड्याच दिवसांत एक बातमी हमखास येते: अमुक देशाने मुदत संपलेली क्षेपणास्त्रं पाठवली. लगेच फॉरवर्ड सुरू होतात, आता ती उडणारच नाहीत म्हणून. मुदत संपली म्हणजे क्षेपणास्त्र निकामी झालं, असं नसतं. ती तारीख हा एक अंदाज असतो आणि त्यामागचं रसायनशास्त्र मला फार आवडतं.

मुळात अडचण अशी की क्षेपणास्त्र डागून तपासलं की ते संपलं. समजा एका साठ्यातली 10 डागली आणि दहाही नीट गेली. बातम्यांमध्ये लगेच ‘शंभर टक्के विश्वासार्ह’ असं झळकतं. संख्याशास्त्र 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणू देतं, की विश्वासार्हता किमान 74 टक्के आहे. तेवढ्याच खात्रीने 99 टक्क्यांचा दावा करायचा, तर एकही अपयश न येता 299 डागावी लागतील! मग साठ्यात उरणार काय? म्हणून न डागता त्यांचं वय ओळखावं लागतं.

बॅटरी, रबरी सील, इलेक्ट्रॉनिक्स बरेचदा बदलता येतात. घन इंधन मात्र मोटरच्या, म्हणजे रॉकेट इंजिनाच्या, आवरणातच ओतून घट्ट केलेलं असतं. त्यात ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड असते. त्यांना धरून ठेवतो तो एचटीपीबी हा रबरासारखा पॉलिमर, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांचा पदार्थ. हवेतला ऑक्सिजन त्याच्या साखळ्यांमधल्या दुहेरी बंधांपाशी अभिक्रिया घडवतो, शेजारच्या साखळ्या एकमेकींना जखडल्या जातात आणि ड्रॉवरमध्ये विसरलेल्या रबर बँडसारखं इंधन कडक होतं. थंडीत इंधन धातूच्या आवरणापेक्षा कितीतरी जास्त आकसतं. तो ताण कडक इंधनाला सोसला नाही, तर भेग पडते. भेगेमुळे जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो, दाबामुळे ज्वलन आणखी वेग घेतं आणि आवरण फुटू शकतं.

हे सगळं 20 वर्षं थांबून कोण बघणार? इथे स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस मदतीला येतो. तापमानाबरोबर अभिक्रियेचा वेग कसा वाढतो, याचं समीकरण त्याने 1889 मध्ये मांडलं. ढोबळ हिशेब असा, की 10 अंश वाढले की वेग दुप्पट. नमुने 65 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले, तर 25 अंशांच्या तुलनेत वेग 16 पट होतो आणि 10 वर्षांचं वय साडेसात महिन्यांत चढतं. मग इंधनाचे दोन्ही टोकांना रुंद, मध्ये निमुळते असे तुकडे कापतात आणि यंत्रात तुटेपर्यंत ओढतात. तुटण्याआधी तुकडा मूळ लांबीच्या किती टक्के ताणला गेला, हा आकडा वयाबरोबर घसरत जातो.

खरी गंमत पुढे आहे. वेगाचा लॉगॅरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्त यांचा आलेख सरळ रेषेत येतो. तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा, काढतात आणि रेषा खाली 25 अंशांपर्यंत लांबवतात. पण रेषा सरळ राहते ती सगळ्या तापमानांना तीच प्रक्रिया वेग ठरवत असेल तरच. ओव्हनमध्ये ऑक्सिजन पृष्ठभागाजवळच वापरला जातो, आत झिरपायला उरतच नाही: वरचा थर कडक, आतला भाग जवळपास तरुण. कोठारात अभिक्रिया मंद असते, त्यामुळे ऑक्सिजन खोलवर पोचतो. म्हणजे ओव्हनमधलं म्हातारपण आणि कोठारातलं म्हातारपण एक नव्हे, आणि उतार चुकला की अंदाज कित्येक वर्षांनी चुकतो.

म्हणून जुन्या मोटरी प्रत्यक्ष कापून बघाव्याच लागतात. अमेरिकेची मिनिटमन-3 क्षेपणास्त्रं 1970 पासून तैनात आहेत, मूळ अपेक्षा 10 वर्षांची होती. ती आजही भूमिगत सायलोंमध्ये उभी आहेत, कारण तिथलं तापमान राखलं जातं, तपासण्या चालू असतात आणि त्यांचं घन इंधन मध्यंतरी नव्याने ओतलं गेलं.

आपल्याकडे उन्हाळ्याचा हिशेब हवाच. पुलगावला, वर्धा जिल्ह्यात, लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. विदर्भातल्या मे महिन्यात सरासरी तापमान फसवं ठरतं. समजा एक खोका कायम 30 अंशांत आहे, आणि दुसरा 12 तास 15 मध्ये, 12 तास 45 मध्ये. सरासरी तीच, पण दुपटीच्या नियमाने दुसरा सुमारे 59 टक्के जास्त वेगाने म्हातारा होतो. उत्पादनाची तारीख दोघांवर एकच छापलेली असते, म्हणून प्रत्येक खोक्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असायलाच हवं, आणि मुदत त्या नोंदीवरून ठरायला हवी.