जुन्या गाडीच्या हेडलाईटचा उजेड नेमका जातो कुठे?

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की रात्री चालवताना समोरचं नीट दिसत नाही असं वाटायला लागतं, आणि मग पहिला विचार येतो तो बल्ब बदलायचा, त्यातही पांढरेशुभ्र एलईडी टाकायचा. पण हीच गाडी नवीन होती तेव्हा हेच हेडलाईट पुरत होते ना? मग मधल्या काळात तो उजेड गेला कुठे हे आधी शोधायला हवं, कारण बऱ्याचदा तो बल्बमध्ये गेलेलाच नसतो, वाटेत कुठेतरी गळत असतो.

सगळ्यात मोठी गळती वायरिंगमध्ये होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. हॅलोजन बल्बची फिलामेंट, म्हणजे आतली बारीक तार, साधारण ३००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते तेव्हा कुठे तिचा पांढरट उजेड पडतो, आणि एवढं तापूनही तिची बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जाते. तापमान जरासं उतरलं तरी दिसणारा उजेड धाडकन पडतो. हिशोब असा की हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड १० नाही, तब्बल ३० टक्के कमी होतो.

आता हे १० टक्के जातात कसे ते बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीपासून निघून डॅशबोर्डवरच्या किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून मग बल्बकडे जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण ९ अँपिअर. स्विचचे पॉइंट काळे पडलेले, कनेक्टर हिरवे झालेले, अर्थचा बोल्ट गंजलेला, असं सगळं मिळून फक्त ०.१५ ओहम रेझिस्टन्स वाढला तरी १.३५ व्होल्ट वाटेतच खलास. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ असतील तर बल्बला मिळतात जेमतेम १२.१५, म्हणजे बरोबर ते १० टक्के.

हे मोजायला साधा मल्टीमीटर पुरतो. इंजिन चालू, हेडलाईट चालू, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं बल्बच्या मागच्या होल्डरमधल्या प्लसच्या पिनला लावायचं, जे रीडिंग येईल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. मग असंच बल्बची अर्थची पिन आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये मोजायचं, ही बाजू लोक हमखास विसरतात, आणि काही गाड्यांमध्ये तर स्विच मुळात अर्थच्या बाजूलाच असतो त्यामुळे गळती तिकडेच सापडते. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर उपाय म्हणजे रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्याच्या पिनांना नंबर असतात. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून थेट बल्बला, आणि जुन्या स्विचची वायर फक्त ८५-८६ वरची कॉइल चालवायला. कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळे स्विचही वाचतो. माझ्या मते जुन्या गाडीला करण्यासारखं हे सगळ्यात चांगलं काम आहे, आणि ह्यात समोरून येणाऱ्याला त्रास होण्यासारखं काही नाही, फक्त मूळचा उजेड परत मिळतो.

हे न करता थेट १००/९० वॅटचे (अप्पर म्हणजे लांबचा उजेड १००, डिपर म्हणजे खाली झुकवलेला उजेड ९०) बल्ब टाकणं मात्र धोक्याचं. करंट १५ अँपिअरच्या आसपास जातो, त्याच थकलेल्या वायरीत आता दोन व्होल्टच्या वर गळती होते आणि स्विचमध्ये आधीच्या अडीच पट उष्णता तयार होते. होल्डर वितळतो, बल्बमागचा आरशासारखा रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि उजेड तर जाहिरातीइतका वाढतच नाही.

दुसरी गळती काचेची. ही 'काच' बहुतेक गाड्यांमध्ये पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावर अतिनील किरणं अडवणारा पातळ थर असतो. तो थर उन्हानं आणि धुळीनं झिजला की खालचं प्लॅस्टिक पिवळं आणि धुरकट होतं. नुकसान दुहेरी आहे, उजेड अडतो आणि जो बाहेर पडतो तो पसरतो, म्हणजे लांबवर जायचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. १०००, २०००, ३००० अशा चढत्या नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून घासून मग पॉलिश केलं की काच लख्ख होते, पण त्यावर अतिनील किरणं अडवणारा यूव्ही कोट मारायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत परत तसंच. टूथपेस्टनं घासून येणारी चमक म्हणूनच टिकत नाही. खरी काच असलेल्या जुन्या हेडलाईटला हा प्रश्न नाही, तिथे आतला रिफ्लेक्टर बघावा. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर केसाच्या जाडीच्या काहीशे पट पातळ असतो, तो पुसायच्या भानगडीत पडू नका, मंद झाला असेल तर अख्खं युनिटच बदला.

आता एलईडी. इथे मुद्दा वॅटचा किंवा ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, नाही, भूमितीचा आहे. एच-४ हा अप्पर-डिपर एकत्र असलेला हॅलोजन बल्ब १९७१ चा, त्यात दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी असते, जुना बल्ब हातात घेऊन बघा, स्पष्ट दिसते. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर जाणारा उजेड अडवते, कारण तिथून परतलेला उजेड वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात गेला असता. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग असं धरून बनवलेला असतो की उजेड अमुक एका बिंदूपासून, बारीक दंडगोल आकाराच्या तारेतून सगळीकडे सारखा निघतोय. एलईडीमध्ये त्या जागी दोन बाजूंना चपट्या चिप असतात. त्या मिलिमीटरभर जरी सरकल्या तरी कट-ऑफची रेघ, म्हणजे डिपरचा उजेड वरच्या बाजूला जिथे संपतो ती कड, फिसकटते, उजेड जास्त पडतो पण नको तिथे पडतो. झेनॉनचं तसंच, त्यात तारेऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीचा (आर्कचा) उजेड असतो, ३५ वॅटची आर्क ३२०० ल्युमेन देते, हॅलोजनचा डिपर १००० च्या आसपास, हा तिप्पट उजेड हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये ओतला तर समोरचा माणूस काही क्षण आंधळाच होतो. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली तीसुद्धा ठराविक गाड्यांच्या ठराविक हेडलाईटसाठीच. एलईडी हवेच असतील तर अख्खं एलईडी युनिट घ्यावं, आणि आपल्याकडचा नियम आधी बघून.

मग एलईडी टाकल्यावर 'काय मस्त दिसतंय' असं का वाटतं? कारण बहुतेक वेळा गाडीच्या नाकासमोरचे दहा-पंधरा मीटर उजळून निघतात. आपला डोळा समोरच्या सगळ्यात उजळ भागाला जुळवून घेतो, आणि मग लांबचा अंधार त्याला अजूनच काळा दिसतो. छान वाटतं पण दिसतं कमी. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर, दचकून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा धरला तरी गाडी थांबायला साधारण ७० मीटर लागतात, कामाचा उजेड तो, तिथला.

आणि तिथे उजेड पोचवणं हे सेटिंगचं काम. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, डिपरची कट-ऑफ रेघ बल्बच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली हवी, म्हणजे १ टक्का उतार. हेडलाईट ६५ सेंटीमीटर उंचीवर असेल तर ती रेघ रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. उतार २ टक्के झाला की बत्तीसच मीटर, मग बल्ब कितीही भारी असू दे. उलटंही होतं, मागे माणसं आणि सामान भरून गाडी मागून फक्त अडीच सेंटीमीटर दबली, आणि पुढच्या-मागच्या चाकात अडीच मीटर अंतर असलं, तर तो अख्खा १ टक्का उतार गायब होतो आणि तुमचा डिपर सरळ आडवा जातो. डॅशबोर्डवर ०, १, २, ३ आकडे असलेलं छोटं चाक असतं ना, ते ह्यासाठीच आहे, सामान भरलं की फिरवा, आणि भिंतीवर सेटिंग करताना ते शून्यावर आहे ना हे आधी बघा.