घरखर्चाचे मासिक अंदाजपत्रक : मुंबईतील शालेय अध्यापन

घरात येणारा पैसा आणि त्यातून होणारा खर्च यांचा महिना सुरू होण्यापूर्वी मांडलेला आणि महिनाअखेरीस प्रत्यक्षाशी ताडून पाहिलेला आराखडा म्हणजे घरखर्चाचे मासिक अंदाजपत्रक होय. जमाखर्चाच्या वहीत झालेला व्यवहार उतरवला जातो, तर अंदाजपत्रकात होणारा व्यवहार आधी कल्पावा लागतो. म्हणून वहीचा सराव नसलेल्या विद्यार्थ्याला चांगले अंदाजपत्रक करता येत नाही. गृहविज्ञान, गणित आणि अर्थसाक्षरता या तिन्ही विषयांत हा भाग थोडाथोडा येतो आणि बहुधा त्यामुळेच तो कोणत्याही एका तासाला पुरेसा शिकवला जात नाही.

कुटुंबांच्या खर्चाचा पद्धतशीर अभ्यास युरोपात एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा एकूण खर्चातील वाटा कमी होतो, हा एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाचा नियम 1857 चा आहे. मुंबईत प्रांतिक सरकारच्या कामगार कार्यालयाने 1921–22 मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक खर्च जेवणखाणावर होत असल्याचे आढळले. 2023–24 च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीत शहरी भारतासाठी हाच वाटा सुमारे 40 टक्के होता. त्याच पाहणीत घरभाड्याचा सरासरी वाटा 7 टक्क्यांच्या आत दिसतो. कारण स्वतःच्या घरात राहणारी, भाडे न देणारी कुटुंबेही त्या सरासरीत मोजलेली असतात. भांडुप किंवा नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने अशी सरासरी आपल्या वहीत उतरवली, तर त्याचे अंदाजपत्रक पहिल्याच आठवड्यात कोलमडेल.

अंदाजपत्रकात रकमांइतक्याच तारखाही महत्त्वाच्या असतात, हे मुंबईला गिरणगावातील खानावळवाल्या बायांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. कामगार महिनाभर जेवत आणि पैसे पगाराला देत. दरम्यान धान्य, तेल, रॉकेल उधारीवर किंवा सावकारी व्याजाने उभे करावे लागे. म्हणजे महिन्याची बेरीज जुळत असली तरी मधल्या पंधरवड्याची तूट व्याजाच्या रूपाने कमाई खात असे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम केले, ते नेमके या तुटीसाठी. आजही पगाराची तारीख, भाड्याची तारीख, क्लासची फी आणि खात्यातून आपोआप वळता होणारा कर्जाचा हप्ता एका कॅलेंडरवर मांडून दाखवले, की महिनाअखेरीच्या हातउसन्याचे कारण विद्यार्थ्याच्या लगेच ध्यानात येते.

मुंबईत या विषयाचे उच्च शिक्षण निर्मला निकेतन आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ यांच्या गृहविज्ञान शाखांत दिले जाते. राज्य मंडळाच्या नववी आणि दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. त्यातील शेकडेवारीची उदाहरणे उपयोगी आहेत. मात्र उदाहरणात उत्पन्न दिलेले असते आणि खर्चाचे भागही ठरलेले असतात. खऱ्या घरात यांपैकी काहीच दिलेले नसते, ते शोधून काढावे लागते. म्हणून अध्यापनाची सुरुवात नोंदीपासून करणे योग्य ठरते : निदान चार आठवडे रोजचा खर्च लिहायचा, यूपीआयने दिलेले दहा-वीस रुपयेही बँकेच्या खातेउताऱ्यावरून वहीत घ्यायचे आणि मगच पुढच्या महिन्याचा अंदाज बांधायचा.

उत्पन्नाच्या 50 टक्के गरजांना, 30 टक्के हौसेला आणि 20 टक्के बचतीला, हे अमेरिकेतून आलेले सूत्र वर्गात अनेकदा सांगितले जाते. मुंबईच्या घराला ते क्वचितच बसते, हे एका कल्पित कुटुंबाच्या उदाहरणावरून कळते. भांडुपला भाड्याने राहणाऱ्या चौघांच्या घरात वडिलांचा पगार 27,000 रुपये आणि आईचे डब्यांचे 15,000 रुपये मिळून 42,000 रुपये येतात. भाडे 12,000, वाणसामान, भाजी व दूध 13,500, वीज व गॅस 2,200, लोकलचे पास, बस व रिक्षा 1,800, मोबाइल व इंटरनेट 1,200, क्लास 4,000, औषधपाणी 1,000, गावी आजीआजोबांना 2,000. भाडे आणि अन्न एवढ्यातच 25,500 रुपये जातात, म्हणजे निम्म्याचे सूत्र तिथेच मोडते. तरीही एकूण खर्च 37,700 रुपये होऊन 4,300 रुपये शिल्लक दिसतात आणि विद्यार्थी समाधानाने वही मिटतात. इथे शिक्षकाने त्यांना थांबवायला हवे. जूनमधली शाळेची फी, वह्यापुस्तके व गणवेश यांचे 18,000, गणपतीला कोकणात जाण्याचे 12,000, दिवाळीचे 9,000, विम्याचा हप्ता 6,000 आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार संपल्यावर दलाली व नोंदणीचे 15,000 रुपये, असे वर्षाचे 60,000 रुपये अजून मांडलेलेच नाहीत. बारा महिन्यांत वाटल्यास ते दरमहा 5,000 होतात आणि शिलकीचा महिना 700 रुपये तुटीचा ठरतो. ही तूट कुठून भरून काढायची, यावर वर्गात होणारी चर्चा हा या पाठाचा खरा गाभा आहे. डब्यांचे गिऱ्हाईक वाढवायचे, की इंटरनेटचा स्वस्त प्लॅन घ्यायचा, की गावची खेप एका वर्षाआड करायची, याचे उत्तर प्रत्येक गट वेगळे देतो. गावी जाणारे पैसे कापायला मात्र बहुतेक मुले तयार नसतात, आणि तो निर्णयही अंदाजपत्रकाचाच भाग मानला पाहिजे.

रिक्षाचालक, फेरीवाले, नाक्यावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बाया यांच्या घरी ठरलेला पगार नसतो. अशा घरासाठी सरासरीऐवजी मागील सहा महिन्यांतील सर्वांत कमी कमाई आधाराला घेणे सुरक्षित असते, आणि पावसाळ्यात कामाचे दिवस घटतात हेही गृहीत धरावे लागते. खर्चाची बाजूही महिन्याच्या चौकटीत नेहमी बसत नाही : पाइप गॅसचे बिल दोन महिन्यांनी येते, अनेक सोसायट्यांचा मेंटेनन्स तिमाही असतो, आणि विजेचा दर 100 व 300 युनिटांच्या टप्प्यांनंतर चढत असल्याने मे महिन्याचे बिल जानेवारीच्या बिलावरून काढता येत नाही.

विद्यार्थ्याला स्वतःच्या घरचे उत्पन्न वर्गात सांगायला लावू नये. मुंबईच्या एकाच बाकावर टॉवरमधला आणि झोपडपट्टीतला मुलगा शेजारी बसलेले असू शकतात, आणि रेशनवर चालणाऱ्या घराचा आकडा चारचौघांत उघड होणे मुलाच्या मनाला लागते. शिक्षकाने दिलेल्या कल्पित कुटुंबावर वर्गात काम करावे. घरची वही घरीच राहावी. त्या वहीसाठी आईला प्रश्न विचारताना, घर चालवण्याचा जो हिशेब ती इतकी वर्षे तोंडी करत आली तो मुलांना प्रथमच आकड्यांत दिसतो.

मूल्यमापन करताना अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील फरक किती कमी, यावर गुण देऊ नयेत. तसे केले तर मुले फरक जुळवून आणतात. टोमॅटो महागले, पाहुणे राहिले, पास संपल्याचे लक्षात आले नाही, असे फरकाचे नेमके कारण लिहून पुढच्या महिन्याचा आकडा त्यानुसार बदलला असेल, तर ते अंदाजपत्रक पूर्ण गुणांचे समजावे. त्यासाठी एकाच विद्यार्थ्याची सलग तीन महिन्यांची अंदाजपत्रके शेजारी ठेवून तपासावी लागतात.