बंधारा आणि स्पर : गाळ कुठे बसतो ते बघा

नदीपात्रात दगडी भिंत दिसली की आपण नाशिककर तिला बंधारा म्हणून मोकळे होतो. त्यात फारसं चुकतही नाही. गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा, कुठेही जा, भिंत या काठापासून त्या काठापर्यंतच असते. पण ज्या नदीतून मालाची जहाजं चालतात तिथे वेगळीच भिंत भेटते. एका काठावरून निघते आणि पात्रात मध्येच थांबते. हा स्पर. दोन्ही दगडाच्याच, आणि दोन्हींबद्दल हल्ली ‘पक्ष्या-माशांना फायदा’ असं सांगतात. काम मात्र नेमकं उलटं.

बंधारा पाणी थोपवतो. वेग गेला की गाळ तळाला बसतो. निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर घ्या. गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा घातला तो कालव्यांसाठी. पक्षी कुणाच्या गावीही नव्हते. पण वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं, पाणगवत तयार झालं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून नाव जाहीर झालं. कालव्यांना आवर्तन सुटून पाणी उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार त्यात चोची खुपसत फिरतात. पाटबंधारेवाल्यांच्या वहीत साठवण घटली म्हणून जो तोटा लिहिला जातो, त्यावरच ही सगळी पंगत बसलेली आहे. अर्थात गाळ काही थांबत नाही, आणि वरून पानवेलीही वाहत येतात.

स्पर पाणी थांबवत नाही, चेपतो. पात्र अरुंद झालं की मधली धार जोर धरते आणि स्वतःच तळ खरवडते. अमेरिकेत मिसिसिपीवर १९३० पासून जहाजांसाठी किमान ९ फूट खोलीचं धोरण आहे. सेंट लुईस शहराच्या वर त्यासाठी धरणं आणि लॉक (जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दारांचे हौद) आहेत. खाली नदी मोकळी, तिथे भिस्त मुख्यतः अशा दगडी रचनांवर आणि गाळ उपसण्यावर. पण दोन स्परांच्या मधल्या बेचक्यात पाणी संथ होतं, गाळ भरतो, त्यावर झाडं उगवतात आणि बाजूचे फाटे बुजतात. माशांची पिल्लं वाढायची ती नेमकी याच उथळ फाट्यांत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : साधा स्पर जहाजाच्या सोयीचा, जिवांच्या नाही.

तो त्यांच्याही सोयीचा करायचा तर भिंतीत फट ठेवावी लागते. मिसिसिपीवर जुन्या स्परांना खाचा पाडल्या गेल्या. खाचेतून पाणी घुसतं, मागे खड्डा पडतो, बुजत चाललेला फाटा वाहता राहतो. दुसरा प्रकार शेवरॉन : काठाला न जोडलेली, घोड्याच्या नालेसारखी दगडी रचना, गोलाकार डोकं प्रवाहाच्या वरच्या दिशेला. पाणी डोक्यावर आदळून दोन्हीकडे फुटतं, त्यामुळे जहाजाच्या वाटेला जोर मिळतो आणि काठाकडची वाटही वाहती राहते. पूर आला की पाणी दगडांवरून आत कोसळतं आणि नालेच्या पोटात डोह खोदतं. तिथे मासे आसऱ्याला येतात. उकरलेली वाळू थोडी खाली जाऊन बसते आणि तिचं बेट होतं. उघड्या वाळूवर अंडी घालणाऱ्या छोट्या सुरय पक्ष्यांना असंच बेट लागतं. इथे बेट योगायोगाने होत नाही. ते कुठे व्हावं याचा विचार आधी आराखड्यात होतो. नेदरलँड्समध्ये वाल नदीच्या काही भागात तर स्पर काढून प्रवाहाला समांतर लांब बांध घातले आहेत : एका बाजूला जहाजं, दुसऱ्या बाजूला लाटांपासून वाचलेलं संथ पाणी.

आपली गोदावरी नाशिकला जहाजाची नाहीच. तिचा भद्राचलम ते राजमहेंद्री हा १७१ किलोमीटरचा पट्टा मात्र राष्ट्रीय जलमार्ग ४ मध्ये येतो. गंगा-ब्रह्मपुत्रेवर स्वस्तातला स्परही आहे, बंडाल : बांबूचे खांब रोवून प्रवाहाला तिरक्या लावलेल्या चटया. चटई पाण्याचा वरचाच भाग अडवते. वरची वेगवान धार नावेच्या वाटेकडे वळते, तळाची वाळू चटईखालून बाजूला सरकते. पावसाळ्यात सगळं वाहून जातं आणि पाणी ओसरलं की पुन्हा बांबू रोवायचे.