रॅम्से मॅक्डोनल्ड : जातीय निवाड्याची पार्श्वभूमी

पुणे कराराचा विषय निघाला की मॅक्डोनल्ड यांचे नाव एका वाक्यापुरते येते. १६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा, म्हणजे हिंदुस्थानातल्या कायदेमंडळांच्या जागा निरनिराळ्या समाजांत वाटून देणारा निर्णय, जाहीर केला, एवढे सांगून चर्चा येरवड्याच्या तुरुंगातल्या गांधीजींच्या उपोषणाकडे वळते. हे स्वाभाविक आहे. पण निवाडा देणारा माणूस त्या वेळी राजकारणात कुठे उभा होता, हे पाहिल्याखेरीज निवाड्यातली काही कलमे नीट उलगडत नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचे कलम तर आपल्या चर्चेतून जवळजवळ गळूनच गेले आहे.

मॅक्डोनल्ड यांचा जन्म १८६६ चा, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लॉसीमाउथ गावातला. आई शेतावर मोलमजुरी करायची, वडील नांगर धरणारे गडी. दोघांचे लग्न झालेले नव्हते. गावच्याच शाळेत शिकाऊ शिक्षक, मग लंडनमध्ये कारकुनी, १९०० मध्ये पुढे मजूर पक्ष झालेल्या समितीचे चिटणीस आणि १९०६ मध्ये लेस्टरचे खासदार, असा त्यांचा प्रवास. १९१४ मध्ये त्यांनी महायुद्धाला विरोध करून संसदीय पक्षाचे नेतेपद सोडले. त्याची किंमत जबर होती. एका साप्ताहिकाने त्यांचा जन्मदाखला छापून आईचे लग्न झालेले नव्हते हे देशभर केले, गावच्या गोल्फ क्लबने सभासदत्व काढून घेतले आणि १९१८ मध्ये मतदारांनीही घरी बसवले. तरी १९२२ मध्ये ते परत निवडून आले आणि २२ जानेवारी १९२४ रोजी मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान झाले. ते सरकार वर्षभरही टिकले नाही.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध खूप आधीपासूनचा. १९०९ मध्ये ते इथे येऊन फिरले. १९११ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले होते, पण पत्नीचे निधन झाल्याने ते येऊ शकले नाहीत. सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या १९१२ च्या रॉयल कमिशनवर ते गोखल्यांबरोबर बसले. त्यामुळे जून १९२९ मध्ये ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले, तेव्हा आपला माणूस आला अशी भावना इथल्या बऱ्याच नेमस्तांची झाली.

ती भावना सोलापूरकरांनी फार काळ बाळगली नसणार. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला तो याच मजूर सरकारच्या काळात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १९ जानेवारीला, हिंदुस्थानच्या भावी राज्यव्यवस्थेवर लंडनमध्ये भरलेल्या पहिल्या गोलमेज परिषदेचा समारोप करताना मॅक्डोनल्ड यांनी हिंदुस्थानच्या कारभाराची जबाबदारी केंद्रीय आणि प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवण्याचे सरकारचे धोरण जाहीर केले. या दोन तारखा शेजारी ठेवूनच या सरकारची ओळख करून घ्यावी. नुसते भाषण वाचून काढलेला निष्कर्ष अर्धवट राहतो.

मग ऑगस्ट १९३१ उजाडला. जागतिक मंदीने ब्रिटनमध्ये बेकारी वाढली होती, सोने देशाबाहेर चालले होते. परदेशी बँकांकडून कर्ज हवे तर खर्च कमी करा, असा आग्रह सुरू झाला. बेकारभत्त्यात दहा टक्के कपात करण्याच्या प्रश्नावर मंत्रिमंडळ ११ विरुद्ध ९ असे फुटले. पंतप्रधान राजीनामा द्यायला राजवाड्यात गेले आणि २४ ऑगस्टला बाहेर आले ते हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) आणि उदारमतवादी पक्षांना सोबत घेऊन बनवलेल्या ‘राष्ट्रीय सरकार’चे प्रमुख म्हणून. त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत नव्या सरकारला ५५४ जागा मिळाल्या, मजूर पक्ष ५२ वर आला. या ५५४ मध्ये मॅक्डोनल्ड यांचे स्वतःचे अनुयायी होते फक्त १३.

त्यांनी देश वाचवला की पक्षाशी दगा केला, हा वाद ब्रिटनमध्ये अजून मिटलेला नाही. राजीनामा देऊन विरोधी बाकांवर बसण्याचा सरळ रस्ता त्यांना मोकळा होता, आणि तो त्यांनी घ्यायला हवा होता, असे माझे मत आहे. आपल्या दृष्टीने परिणाम मात्र स्पष्ट आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेत अल्पसंख्याक समितीच्या अध्यक्षस्थानी बसलेले पंतप्रधान आता हुजूर पक्षाच्या बहुमतावर टेकलेले होते. भारतमंत्रीही त्याच पक्षाचे होते. निवाड्याला नाव मॅक्डोनल्ड यांचे लागले, निर्णय या संमिश्र मंत्रिमंडळाचा होता.

आता तो निर्णय. मुसलमान, शीख, युरोपियन यांना स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे फक्त त्या त्या समाजाचेच मतदार मत देतील असे मतदारसंघ, मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबई इलाख्यात सर्वसाधारण जागांपैकी सात मराठ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. आणि अस्पृश्य वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांत मिळून ७१ जागा होत्या, त्यातल्या १० मुंबई इलाख्यात.

अस्पृश्यांना हिंदूंपासून तोडले, असा या निवाड्यावर आरोप आहे. त्यातली तरतूद मात्र वेगळे सांगते. अस्पृश्य मतदार सर्वसाधारण मतदारसंघात इतर हिंदूंबरोबर मत देणारच होता. त्याशिवाय, जिथे त्यांची वस्ती दाट आहे अशा निवडक भागांत खास मतदारसंघ आखायचे होते आणि तिथे त्याला आणखी एक मत होते, फक्त आपल्या माणसाला निवडण्यासाठी. ही व्यवस्थाही कायमची नव्हती. वीस वर्षांनी ती आपोआप संपणार होती.

एक मत आपला प्रतिनिधी पाठवण्यासाठी, दुसरे सवर्ण उमेदवाराला आपल्या दारात यायला लावण्यासाठी. डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहिताना या दुसऱ्या मताला अमोल हक्क म्हटले, ते याच हिशेबाने. येरवड्यातून आलेल्या गांधीजींच्या पत्राला ८ सप्टेंबरला उत्तर देताना मॅक्डोनल्ड यांनीही नेमके इथेच बोट ठेवले. संयुक्त मतदान तर निवाड्यात आहेच, मग अस्पृश्यांना स्वतःच्या पसंतीचे थोडे प्रतिनिधी मिळू नयेत एवढ्यासाठीच हे उपोषण आहे, असा त्या पत्राचा रोख होता. पत्र कठोर आहे. लिहिणाऱ्याच्या सरकारचा इथला कारभार पाहता त्याला इतरांना न्याय शिकवण्याचा अधिकार किती, हा प्रश्नही रास्त आहे. पण तरतुदीचे वाचन म्हणून पत्र अचूक आहे.

२० सप्टेंबरला उपोषण सुरू झाले, २४ ला सवर्ण हिंदू आणि अस्पृश्य नेत्यांच्या पुणे करारावर सह्या झाल्या. संबंधित समाजांनी आपसांत तडजोड केली तर ती स्वीकारू, असे सरकारने निवाड्यातच म्हटले होते. त्यामुळे मंत्रिमंडळाने करारातला संबंधित भाग २६ तारखेला मान्य केला. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, मुंबई इलाख्यात १० वरून १५. आकडा दुपटीहून वाढला आणि दुसरे मत गेले. त्याच्या बदल्यात प्राथमिक निवडणूक आली. अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी ठरवायची, त्यातला एक अखेर सर्वांच्या मतांनी निवडला जाणार. चौघांपैकी आपल्याच समाजात चौथ्या क्रमांकावर असलेला उमेदवारही बाहेरच्या मतांवर निवडून येऊ शकत होता. करार यशस्वी झाला असे मानणाऱ्यांनी या मुद्द्याला समाधानकारक उत्तर दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

मॅक्डोनल्ड जून १९३५ मध्ये पंतप्रधानपदावरून उतरले. त्याच वर्षी सीहॅम मतदारसंघात जुन्याच पक्षाच्या उमेदवाराने त्यांना पाडले. पोटनिवडणुकीतून ते पुन्हा संसदेत आले, पण तोवर त्यांचे राजकारण संपले होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात पहिल्यांदा पुणे कराराच्या पद्धतीने मतदान झाले. त्याच नोव्हेंबरात समुद्रप्रवासात बोटीवरच मॅक्डोनल्ड वारले.

प्राथमिक निवडणुकीची पद्धत पुढे बंद झाली. राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ ही जोडी राज्यघटनेत आली. १९८२ मध्ये कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा पुण्यातूनच त्याच्या धिक्काराची मोहीम निघाली. राखीव जागेवर कोण बसणार हे त्या समाजाबाहेरची मते ठरवतात, ही तिची मुख्य तक्रार होती.